पाखराला त्याच्याच वाणीने बोलवावे काय?

ज्या विद्येच्या उपयोगासाठी एका देशात सरकार रीतसर परवाना देते आणि दुसऱ्या देशात त्याच विद्येच्या उपयोगाबद्दल माणसाच्या हातात बेड्या पडतात, ती विद्या मुळात चांगली की वाईट, हा प्रश्न कायद्याचे पुस्तक उघडून सुटण्यासारखा नाही. पक्ष्याला त्याच्याच वाणीने साद घालून जवळ आणणे ही अशीच एक विद्या आहे. अमेरिकेत रानटर्कीच्या शिकारीसाठी ती शिकविली जाते, तिची उपकरणे दुकानांत विकली जातात, आणि साद घालण्याच्या स्पर्धाही तेथे भरतात. आमच्या विदर्भात तीच विद्या फासेपारध्यांच्या बेड्यांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, पिढ्यान्‌पिढ्या कसल्याही उपकरणावाचून नांदत आली, आणि आता म्हाताऱ्यांच्या कंठांबरोबर ती नाहीशी होत आहे. या विषयावर यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा येथे एका मामा-भाच्यांचा झालेला वाद मला ऐकावयास मिळाला. मामा वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झालेले. भाचा घाटंजी तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत विज्ञान शिकविणारा. दोघांचे बोलणे वऱ्हाडी वळणाचे होते. मी ते ग्रंथभाषेत उतरविले आहे, परंतु त्यांच्या युक्तिवादात माझ्या पदरचे काही घातलेले नाही. जेथे मला माझे मत सांगावयाचे आहे, तेथे ते माझे म्हणूनच सांगितले आहे.

वादाला निमित्त झाले ते एका लाकडी पेटीचे. भाच्याची बहीण पेनसिल्व्हेनियात असते. तिचे यजमान तेथे वसंतऋतूत परवाना काढून टर्कीच्या शिकारीस जातात, आणि दिवाळीला माहेरी येताना तिने भावासाठी त्यांच्याकडील एक जुनी पेटी आणली होती. पातळ फळ्यांची, हातभरापेक्षा पुष्कळच आखूड अशी ती पोकळ पेटी; तिच्या एका टोकाला स्क्रूने सैलसर बसविलेले लांब मुठीचे झाकण. झाकणाच्या खालच्या अंगाला खडू घासावयाचा आणि ते पेटीच्या कडेवरून हलकेच ओढावयाचे, म्हणजे लाकडाला लाकूड घासून टर्कीच्या मादीची, वरच्या स्वरावरून खालच्या स्वरावर उतरणारी, किंचित कर्कश साद उमटते. झाकण आणि पेटी यांना रबराचा पट्टा अडकवून सबंध पेटी जोराने हलविली, तर त्याच लाकडातून नराचा गडगडाट बाहेर पडतो. अशा पेटीचे पेटंट आर्कान्सा संस्थानातील हेन्री गिब्सन नामक गृहस्थाने 1897 साली घेतले होते, ही माहिती भाच्याने मोठ्या उत्साहाने सांगितली.

"मामा," तो म्हणाला, "याशिवाय आणखी प्रकार आहेत. स्लेटच्या गोल वाटीवर लाकडी काडी घासण्याचा एक. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या चौकटीत रबराचा पातळ पडदा ताणून तो टाळूला लावायचा आणि श्वासाने वाजवायचा, हा दुसरा. आणि सर्वांत जुना म्हणजे टर्कीच्याच पंखातील हाडे एकात एक बसवून केलेली नळी, जी तेथील मूळचे रहिवासी वापरीत. नुसत्या नराच्या गडगडाटासाठी रबरी भात्याची एक वेगळीच नळी मिळते. ती झटकली की झाले. मला दरवर्षी शाळेतील मुलांना घेऊन आमच्या गायरानावरच्या तित्तिरांची आणि लाव्यांची मोजणी करावयाची असते. पण मुके बसलेले पाखरू मोजता येत नाही. या पेटीच्या धर्तीवर तित्तिरासाठी काही साधन तयार करावे, असा माझा विचार आहे. तुमचे सारे आयुष्य रानात गेले. कोणत्या साधनापासून आरंभ करू?"

मामांनी पेटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि खाली ठेवली. "साधनाचा प्रश्न नंतरचा, बापू. तुला कोणाच्या आवाजाने बोलायचे आहे? नराच्या की मादीच्या? हे ठरल्यावाचून लाकूड निवडण्यात अर्थ नाही."

माझ्या समजुतीने सबंध वादाचे मर्म या एका प्रश्नात होते, आणि भाच्यानेही त्याला बगल दिली नाही. टर्कीच्या जातीत निसर्गाने घालून दिलेली रीत अशी की, पहाटे नर आपल्या झाडावरच्या बैठकीवरून गर्जतो आणि माद्या त्याच्याकडे चालत जातात. शिकारी जेव्हा मादीच्या आवाजात साद घालतो, तेव्हा तो नराला ही रीत उलटी करावयास सांगत असतो. म्हणून कित्येक नर बंदुकीच्या टप्प्याबाहेर पिसारा फुलवून उभे राहतात आणि एक पाऊलही पुढे टाकीत नाहीत. ते मादीची वाट पाहत असतात, आणि यात त्यांचे काही चुकत नाही. नवशिका शिकारी अशा वेळी अधीर होऊन पुनःपुन्हा पेटी वाजवितो, आणि त्यामुळेच पाखरू त्याच्या हातचे जाते. कारण इतकी बडबड करणारी मादी त्या नराने जन्मात ऐकलेली नसते. जाणता शिकारी दोनचार सुरांवर थांबतो. त्या स्तब्धतेने नराला जितके अस्वस्थ होते, तितके कोणत्याही सुराने होत नाही.

"आणि गडगडाट?" मामांनी विचारले.

"तो याहून वेगळा आहे," भाचा म्हणाला. "नराचा आवाज काढणे म्हणजे दुसऱ्या नराला आव्हान देणे. जो त्या टापूचा धनी असेल तो रागाने धावून येतो. जो दुबळा असेल, पूर्वी कधी मार खाल्लेला असेल, तो मात्र तोच आवाज ऐकून दूर निघून जातो. म्हणून तेथले जाणते लोक सांगतात की, हे साधन सर्वांत शेवटी शिकावे आणि सर्वांत कमी वापरावे. त्यात धोकाही आहे. झुडपामागून नराचा गडगडाट ऐकून दुसरा एखादा शिकारी तिकडेच बंदूक रोखू शकतो. त्यामुळे सार्वजनिक रानात ते साधन न वापरणेच बरे असे मानतात. आणि अंगावर लाल, पांढरा, निळा हे रंग घालू नयेत अशीही शिकवण आहे, कारण वसंतात नराच्या डोक्यावर हेच रंग चढलेले असतात."

"मग नराचे ठिकाण कळण्यासाठी काय करतात?"

"घुबडासारखे घुत्कारतात, किंवा कावळ्यासारखे ओरडतात. पहाटेच्या वेळी कोणताही मोठा आवाज झाला की टर्कीचा नर न राहवून गर्जतो. अशा रीतीने त्याच्याशी खोटे न बोलताही त्याचा ठावठिकाणा लागतो."

मामा या वाक्यावर थांबले. "खोटे न बोलता, हे तू बरोबर म्हणालास. म्हणजे बाकीचे सारे खोटे बोलणे आहे, हे तुलाही मान्य आहे. आता माझे ऐक. मी नोकरीत असताना तित्तिरांचे फासे किती वेळा जप्त केले असतील, किती पंचनामे लिहिले असतील! जमिनीत ओळीने ठोकलेल्या बारीक खुंट्या, प्रत्येक खुंटीला केसाचा किंवा तातीचा फास, आणि मध्ये पिंजऱ्यात बसविलेला, घरी वाढविलेला नर तित्तिर. फाल्गुन-चैत्रात त्या पिंजऱ्यातल्या नराने पहाटे आवाज दिला की, आसपासच्या हिवराच्या काट्यांतून त्या टापूचा धनी उत्तर देतो. आधी एकेक सुटा सूर, मग तो तीन अक्षरांचा खणखणीत घोष, एकामागून एक. थोड्याच वेळात तो पंख पाडून, मान ताठ करून धावत येतो, आणि पिंजऱ्यापाशी पोचण्याआधीच फासात अडकतो. पारध्यांपैकी कित्येकांना पिंजऱ्यातल्या पाखराचीही गरज पडत नसे. ते तोंडानेच तो आवाज काढीत. मी स्वतः फसलो आहे. तित्तिर म्हणून ज्या झुडपाकडे गेलो, तेथे माणूस निघाला. या विद्येची थोरवी मला ठाऊक आहे, म्हणूनच मी तिला भितो. कारण फासात जो येतो तो कोण असतो? तो भ्याड नसतो, रोगट नसतो. आपली हद्द राखणारा, जोडीदारीण असलेला, संसार मांडलेला नर असतो. ही हाक बरोबर त्यालाच वेचून काढते."

मला हा युक्तिवाद फार बळकट वाटला. करडा तित्तिर हा आमच्या शेतांच्या धुऱ्यांवर, बाभळी-बोरींच्या आश्रयाने, जोडीने किंवा लहान थव्याने राहणारा पक्षी. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत त्याच्या विणीचा मुख्य हंगाम. झुडपाखालच्या साध्या खोलगट जागेत अंडी, आणि रात्रीचा मुक्काम मात्र काटेरी झाडावर. त्याच्या टापूत परक्या नराचा आवाज उठला की नर व मादी दोघेही बेचैन होतात, आणि घरट्यावर बसलेली मादी त्या बेचैनीत अंडी सोडून उठली, तर मुंगूस व कावळे यांना निराळे आमंत्रण लागत नाही. कायद्याने शिकारीची जी व्याख्या 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात केली आहे, तीत नुसते मारणे नव्हे, तर फास लावणे, हाकणे, आमिष दाखविणे, इतकेच काय पण पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे हेही अंतर्भूत आहे. मामांना ती व्याख्या मुखोद्गत होती. 1991च्या दुरुस्तीपूर्वी तित्तिरासारख्या लहान शिकारीचा परवाना तरी मिळू शके; त्या दुरुस्तीने तो मार्गही बंद झाला.

भाच्याने उत्तर दिले ते काहीसे आवेशाने, पण त्याचा आवेश पोकळ नव्हता. "मामा, तुम्ही फासे जप्त केलेत, पण फासे लावणाऱ्याचे काय झाले, हे आपल्या दप्तरात कोठे लिहिले आहे? 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्या कायद्याच्या छायेत पारध्यांसारख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. हजेरी, पहारा, मुचलका यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. 1952 साली तो कायदा गेला, कलंक गेला नाही. पूर्वी हाच पारधी साहेबांच्या शिकारीत पुढे असे. संस्थानिकांसाठी चित्ते पाळणारे चित्ता पारधीही त्यांतलेच. शिकार गोऱ्या साहेबाने केली तर तो शौक, परवाना घेऊन केली तर तो हक्क, आणि पारध्याने पोटासाठी केली तर तो गुन्हा! मी फासे परत द्या असे म्हणत नाही. पण फासाबरोबर त्याचा कंठही आपण जप्त केला, हे मला सोसवत नाही. ज्या माणसाला लाव्याच्या पिलाचा आणि लाव्याच्या मादीचा आवाज डोळे मिटून वेगळा सांगता येतो, त्याला आपण रोजगार हमीवर माती वाहायला लावतो."

"पोटासाठी घेतलेल्या तित्तिराने रान ओस पडले नाही, हे मी कबूल करतो," मामा म्हणाले. "गायराने नांगरली गेली, धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी तोडल्या गेल्या, कपाशीवर फवारणी वाढली, त्याने अधिक नुकसान झाले असेल. पण म्हणूनच जे थोडे उरले आहे त्याला हाक मारण्याचा मोह नको."

येथे भाच्याने अमेरिकेचा जो इतिहास सांगितला, तो मला या वादातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग वाटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटर्की तेथील कित्येक संस्थानांतून समूळ नाहीसा झाला होता. तो परत आणण्यासाठी आधी पिंजऱ्यांत वाढविलेले टर्की रानात सोडून पाहिले. ते जगले नाहीत, कारण रानात कसे राहावे हे शिकविणारी आई त्यांना लाभली नव्हती. मग 1950 नंतरच्या काळात बारुदाच्या जोरावर क्षणात उडून पसरणारी जाळी निघाली. जेथे रानटे टर्की शिल्लक होते, तेथे दाणे टाकून त्यांचे थवे या जाळ्यांत धरण्यात आले, आणि जेथून ते नाहीसे झाले होते तेथे नेऊन सोडण्यात आले. या कामाला पैसा पुरविला तो शस्त्रे व काडतुसे यांवरील 1937च्या कायद्याने बसविलेल्या कराने, म्हणजे शिकाऱ्यांच्याच खिशाने. पुढे त्या पक्ष्यांची संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात गेली. "म्हणजे मामा, ज्या कौशल्याने तो पक्षी संपत आला होता, त्याच कौशल्याने तो परत आला. पकडता येणारा माणूस नसता, तर पकडून नेऊन वसविणार कोण? आणि आजही वसंतातील शिकारीत मुख्यतः नरच मारावा असा तेथे दंडक आहे. माद्या घरट्यावर बसू लागल्यावर नराची गरज सरत आलेली असते, या हिशेबाने हंगामाच्या तारखा ठरविल्या जातात."

"त्यांचा हिशेब त्यांच्या देशात चालो," मामा म्हणाले. "तेथे एक नर अनेक माद्यांशी रमतो आणि पिले मादी एकटी वाढविते. आमचा तित्तिर जोडीने राहतो. त्याचा नर नेलास तर घर मोडते. एका पाखराचा कायदा दुसऱ्याला लावता येत नाही."

या उत्तराने भाचा क्षणभर निरुत्तर झाला, आणि मलाही वाटले की इतक्या थोडक्या शब्दांत इतका नेमका विचार फार थोडे लोक मांडू शकतील. परदेशातील एखादी व्यवस्था यशस्वी झाली म्हणजे ती जशीच्या तशी उचलावी, ही आपल्याकडील सुशिक्षितांची सवय मामांनी तित्तिराच्या संसाराचा दाखला देऊन खोडून काढली.

परंतु भाच्याजवळ घरचा दाखला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 पासून डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखाली स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचा जो मोठा उपक्रम चालविला, त्यात पक्षी जिवंत आणि अक्षत धरण्यासाठी बिहारमधील मीरशिकारांची, म्हणजे पिढीजात पाखरे धरणाऱ्यांची, मदत घेण्यात आली. अली हुसेन या मीरशिकाराची ख्याती तर त्याच्या फासांच्या बळावर परदेशी संशोधकांपर्यंत गेली. ज्या हातांनी पूर्वी पाखरे बाजारात नेली, त्याच हातांनी त्यांच्या पायांत कडी घालून त्यांना पुन्हा आकाशात सोडले, आणि सैबेरियातून येणारे बदक कोणत्या वाटेने येते हे आपल्याला कळण्यास त्यांचे साहाय्य झाले. "बिहारच्या मीरशिकाराला जो मान मिळाला, तो आमच्या नेर-दारव्ह्याच्या पारध्याला का मिळू नये?" असे त्याने विचारले, तेव्हा मामांनी प्रतिवाद केला नाही.

मग त्याने वनपिंगळ्याची हकीकत काढली. 1884 नंतर ज्याचा विश्वसनीय पुरावा कोणास मिळाला नव्हता, तो हा लहानसा पिंगळा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा दिसला. त्यानंतर मेळघाटासारख्या अरण्यांत त्याचा शोध घेताना त्याची ध्वनिमुद्रित हाक वाजवून उत्तराची वाट पाहण्याची रीत संशोधकांनी अवलंबिली. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तो नांदतो हे आता निश्चित आहे. हाक मारली नसती, तर सागाच्या पानाआड निमूट बसलेले ते पाखरू कोणाच्या नजरेस पडले असते?

"संशोधकाने हाक मारली, नोंद केली आणि तो निघून गेला," मामा म्हणाले. "आता काय होते ते मी टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास पाहतो. खिशात मोबाइल, मोबाइलला जोडलेला लहानसा स्पीकर, आणि एका छायाचित्रासाठी एकाच फांदीखाली तोच आवाज अर्धा अर्धा तास. पाखरू घसा फुटेपर्यंत उत्तर देते, पिलांना चारा घालायचे विसरते. तोंडाने आवाज काढणारा पारधी दमतो, थांबतो, ऐकतो. यंत्राला दम लागत नाही आणि त्याला ऐकूही येत नाही. तुझ्या या पेटीला मी एवढे तरी म्हणेन की तिला हात लागतो. हात थकतो."

या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले. साद शिकण्याची खरी रीतही त्यातूनच निघाली, आणि ती मला पेटीच्या माहितीपेक्षा अधिक मोलाची वाटली. मामांच्या मते शिकणाऱ्याने पहिला सबंध हंगाम तोंड उघडूच नये. उजाडण्यापूर्वी गायरानाच्या कडेला बसावे आणि आधी कोण बोलते, कोण उत्तर देते, दोन हाकांमध्ये किती अवकाश असतो, मादी आपला सूर कोठे मिळविते, उन्हे वर आल्यावर बोलणे कसे विरळ होते, हे कानात साठवावे. सूर चुकला तर पाखरू एक वेळ क्षमा करते. लय चुकली तर करीत नाही. सूर तर प्रत्येक पाखराचा थोडा निराळा असतोच, कोणाचा घसा बसलेला, कोणाचा कोवळा. परंतु दोन घोषांमधील अंतर त्या जातीचे असते. म्हणून लाकूड सागाचे घ्यावे की शिसवाचे, पडदा जाड घ्यावा की पातळ, याची चिंता करणारा विद्यार्थी चुकीच्या टोकाला बसला आहे, असे त्यांचे सांगणे. पारध्याच्या मुलाला कोणी साधन निवडून दिले नव्हते. त्याने बापाच्या शेजारी गवतात पडून आधी ऐकले होते.

"पण हे सारे सांगताना," भाचा म्हणाला, "तुम्ही मला साद शिकवीतच आहात, मामा."

"शिकवतो आहे, कारण तू शिकल्यावाचून राहणार नाहीस, आणि अर्धे शिकलेला मनुष्य पाखराला अधिक घातक," असे म्हणून मामांनी आपला खरा आक्षेप उघड केला. तो केवळ तित्तिरापुरता नव्हता. राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री टी-1 ही वाघीण मारली गेली, ती आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. तेरा माणसांच्या मृत्यूशी तिचे नाव जोडले गेले होते, आणि तिचे दोन बच्चे तिच्याबरोबर होते. तिला एका जागी आणण्यासाठी दुसऱ्या वाघिणीच्या मूत्राचा आणि अमेरिकी अत्तराचा गंध रानात शिंपडण्यात आला होता. मामा म्हणाले, "तिला मारणे योग्य होते की नव्हते, याचा निवाडा मी करीत नाही, ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांना विचारल्यावाचून तो करण्याचा मला अधिकार नाही. कॉर्बेट साहेबानेही 1938 साली ठाकच्या नरभक्षक वाघिणीला वाघाच्या आवाजाने हाक मारूनच समोर आणले होते. प्राण वाचविण्यासाठी हाक मारावी लागते, हे मी जाणतो. पण प्रत्येक जनावराच्या आत एक जागा असते, जेथे ते सोबत्याच्या हाकेला नाही म्हणू शकत नाही. त्या जागेवर बोट ठेवणाऱ्याजवळ तितकेच मोठे कारण असले पाहिजे. शाळेच्या मुलांची मोजणी हे तितके मोठे कारण आहे काय?"

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने दिलेले उत्तर येथे पूर्ण देतो, कारण माझे मत त्याच्या बाजूला झुकले ते या उत्तराने. "मामा, मोजणी हे लहान कारण असेल; पण जे मोजले जात नाही त्याचे गायरान नांगरताना कोणी विचारीत नाही. तणमोराचे काय झाले पाहा. पावसाळ्यात अकोला-वाशीमच्या माळांवर गवतातून उंच उडी घेणारा, उडताना बेडकासारखा आवाज करणारा तो नर रोज त्याच जागी उडतो, म्हणून त्या जागेवर फास लावला जाई. हे पारध्यांना ठाऊक होते, सरकारला ठाऊक नव्हते. सरकारच्या कागदावर ते माळ पडीक होते. आज त्या पक्ष्याची गणना जगातील अत्यंत संकटग्रस्त पक्ष्यांत झाली आहे. कारंज्याच्या 'संवेदना' संस्थेने फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन गवताळ रानांच्या राखणीचे काम हाती घेतले, कारण तणमोर कोठे उडतो हे सांगू शकणारा दुसरा माणूसच नव्हता. माझ्या गायरानावर चाळीस तित्तिर आहेत की चार, हे मला सांगता आले, तर ग्रामसभेत मला उभे राहून बोलता येईल. त्यासाठी मी माघात, अंडी पडण्याच्या पुष्कळ आधी, एका जागी एकदाच हाक मारीन; उत्तर आले की लिहून घेईन आणि निघेन. नराच्या आव्हानाची हाक मारणार नाही, जोडी ज्या साध्या सुराने एकमेकांना शोधते तो सूर काढीन. आणि ती हाकही मी स्वतः काढणार नाही. बेड्यावरचा एखादा जुना जाणता येऊन काढील, आणि त्या दिवसाची मजुरी मानाने घेईल. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याच्या प्रश्नचिन्ह शाळेत पारध्यांची मुले शिकत आहेत. आपल्या आज्याची विद्या शाळेतही मान पावते, हे त्यांनी एकदा पाहू द्या."

मामांचे पूर्ण समाधान झाले नाही. माघातली हाक चालेल, एकदाच चालेल, जुना जाणता असेल तर उत्तमच, येथपर्यंत ते आले. मुलांना मात्र बरोबर नेऊ नये, लहान वयात पाखराला फसविता येते हे कळणे चांगले नाही, यावर ते शेवटपर्यंत ठाम राहिले. भाच्याच्या मते मुलांनी पाहणे हाच सर्वांत महत्त्वाचा भाग होता. या एका गोष्टीत मला मामांशी सहमत होता येत नाही. मुलाला एखाद्या सामर्थ्यापासून दूर ठेवून संयम शिकविता येत नाही. ते सामर्थ्य ज्याच्या अंगी पूर्णत्वाने आहे आणि तरी जो एका हाकेवर थांबतो, अशा माणसाच्या शेजारी बसविल्यानेच तो शिकविता येतो. मात्र विणीच्या हंगामात कोणत्याही रानात स्पीकर लावून पक्ष्यांना बोलावण्यास मज्जाव असावा, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही, आणि येथे छायाचित्रकार व संशोधक असा भेद करण्याचेही कारण नाही. संशोधकानेही कारण दाखवून लेखी परवानगी घ्यावी.

यवतमाळच्या वनविभागास आणि विदर्भातील विद्यापीठांस माझी विनंती आहे की, जिल्ह्यातील पारधी बेड्यांवर ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांना तित्तिर, लावा आणि इतर गवताळ रानातील पक्षी यांच्या हाका अद्याप येतात, त्यांचा शोध घ्यावा. त्यांच्या हाका, त्यांनी दिलेल्या अर्थांसह, त्यांच्याच वाघरी बोलीत मुद्रित करून ठेवाव्यात. आणि माळरानांवरील पक्ष्यांची मोजणी करावयाची असेल, तेव्हा त्यांना मजूर म्हणून न नेता जाणकार म्हणून रीतसर मानधनावर न्यावे. हे काम येत्या माघापूर्वी सुरू व्हावे. कारण ज्यांच्याजवळ ही विद्या आहे, ते बहुतेक सारे आता फार वृद्ध आहेत.